एकट्यानं नाचायला जाताना

पाळी संपवून थेट इथं आलात, काही जण तर घरी न जाता डबा हातात घेऊनच आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय फळ्यावर वाचून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती आमच्यापर्यंत पोचली. विषय आहे : स्विंग नाचाच्या रात्री पहिल्यांदाच आणि एकट्यानं जाणं. टॉवेल आणि चादरींचे माग चालतात त्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हा विषय कशाला, असं कुणालाही वाटेल.

कारण साधं आहे. इथल्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली आज पुण्यात आहेत. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर. आठवडाभर काम असतं, शनिवारी संध्याकाळी खोलीत एकटं बसणं असतं. मग ऑफिसातलं कुणीतरी सांगतं की अमुक ठिकाणी सोशल डान्स असतो, कुणीही येऊ शकतं. मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांत सालसा-बचाटाच्या अशा रात्री नेहमी होतात. स्विंगचे गट त्या मानानं लहान असतात, पण असतात. जावंसं तर वाटतं. आणि लगेच पहिला प्रश्न पडतो, बरोबर कोण? बरोबर कुणी नसेल तर जाणं रद्द.

आज आपण हा 'बरोबर कोण' नावाचा अडथळाच जरा उलगडून बघू. आमचं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक नाचाला एक दार असतं. आत शिरायची एक ठरलेली रीत असते. ती माहीत नसली की माणूस भिंतीशी उभा राहतो आणि 'आपल्याला हे जमत नाही' असं समजून घरी जातो. खरं तर त्याला दार सापडलेलं नसतं, इतकंच.

एकटं जाणं जड का जातं

आपल्याकडे माणूस एकटा कुठं कुठं जातो ते आठवून बघा. बँकेत जातो, दवाखान्यात जातो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, कोर्टाच्या तारखेला जातो. त्याला कुणी विचारत नाही की एकटाच का आलास. पण तोच माणूस एकटा सिनेमाला गेला, तर घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, 'कुणाबरोबर गेला होतास?' कामासाठी एकटं जायला आपली परवानगी आहे, आनंदासाठी जायचं तर सोबत लागते. बाईच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी धारदार होतो.

ही सवय वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. आपले बहुतेक आनंद सोबतीचेच असतात, म्हणून ती पडलेली आहे. पण पोटापाण्यासाठी घर सुटलं की सोबत सुटते. मग आनंदही सोडून द्यायचा का? आजच्या विषयात खरा प्रश्न हा आहे. नाच हे त्याचं एक उदाहरण.

आपल्या नाचांची दारं

परक्या नाचाकडे जाण्याआधी आपल्या शहरातले नाच बघू. कारण आत शिरण्याची कला आपल्याला मुळीच येत नाही, असं नाही.

आधी लेझीम. गणपतीच्या आधी संध्याकाळी मंडळांचे सराव सुरू होतात. हलगी वाजते, रांगा लागतात. लेझमीत जोडीदार लागत नाही. तुमचा जोडीदार म्हणजे अख्खी रांग. पण आत शिरायचं दार कुठं असतं? मिरवणुकीत नसतं. ते सरावात असतं. मिरवणुकीच्या दिवशी अनोळखी माणूस लेझीम हातात घेऊन थेट रांगेत घुसला, तर त्याला बाजूला काढतील. तोच माणूस महिनाभर आधी सरावाला आला, तर मागच्या रांगेत त्याला जागा मिळेल.

दुसरी बतकम्मा. पूर्व भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलुगू भाषक बायका फुलांची उतरंड रचतात आणि तिच्याभोवती टाळ्या वाजवत, गात फेर धरतात. एक ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. इथलं दार म्हणजे दोन बायकांच्या मधली फट. नवी सून, पाहुणी, शेजारीण येते, क्षणभर बघते आणि त्या फटीत शिरते. टाळी जुळली की झालं. तिला कुणी काही विचारत नाही.

तिसरा दांडिया. इथं जोडीदार लागतो, पण तो टिकत नाही. दोन-चार टिपऱ्या झाल्या की समोरचा माणूस बदलतो. तुम्ही कुणाबरोबर आलात हे फेरी सुरू झाल्यावर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि चौथी वरात किंवा विसर्जनाची मिरवणूक. इथलं दार म्हणजे मित्राचा हात. कुणीतरी मनगट धरून ओढतं आणि आपण 'नको, नको' म्हणत आत जातो. आपल्यातल्या बहुतेकांना नाचात शिरायचा हा एकच मार्ग माहीत असतो. म्हणून एकटं गेल्यावर आपण नकळत वाट बघत राहतो की कुणीतरी येईल आणि ओढेल. स्विंगच्या रात्री ओढत कुणी नाही, विचारतात. फरक एवढाच, पण पहिल्या रात्री तोच जड जातो.

हा नाच मुळात कुणाचा

स्विंग म्हटलं की सूट-बूट घातलेले श्रीमंत लोक डोळ्यांसमोर येतात. हा गैरसमज आधी दूर करू.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाची वस्ती आहे, काळ्या लोकांची. तिथं मार्च १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाली. एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंत पसरलेला लांबच लांब हॉल, हजारो माणसं मावतील एवढा. बँडसाठी दोन मंच. एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे वाजवणं थांबायचंच नाही. लाकडी जमीन नाचून नाचून एवढी झिजायची की काही वर्षांनी बदलावी लागे. स्विंग नाचातला सगळ्यात गाजलेला प्रकार, लिंडी हॉप, याच हॉलमध्ये मोठा झाला. लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये एकट्यानं विमान चालवत अटलांटिक महासागर ओलांडला, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

त्या काळी अमेरिकेत काळे आणि गोरे यांना वेगळं ठेवण्याची रीत होती. हार्लेममधल्याच प्रसिद्ध कॉटन क्लबात मंचावर काळे कलाकार असत आणि खुर्च्यांवर गोरे गिऱ्हाईक. सॅव्हॉयमध्ये मात्र दोघंही एकाच जमिनीवर नाचत.

आता इथं बसलेल्यांना भिडेल अशी गोष्ट. सॅव्हॉयमध्ये गुरुवारची रात्र घरकाम करणाऱ्यांची म्हणून ओळखली जाई. तिचं नावही गमतीचं होतं, 'किचन मेकॅनिक्स नाइट'. लोकांच्या घरी स्वयंपाक-धुणी-भांडी करणाऱ्या बायकांना गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून त्यांची रात्र गुरुवारी. म्हणजे बघा, हा नाच कामगारांच्या आठवड्याच्या सुट्टीभोवती वाढलेला आहे. सुट्टीच्या दिवशी स्वच्छ कपडे घालून बाहेर पडणं काय असतं, ते एमआयडीसीत कुणी समजावून सांगायला नको.

आणि एकटे येणारे? त्यांचीही सोय होती. हॉलतर्फे नेमलेल्या होस्टेस असत. दहा सेंटचं तिकीट घेतलं की त्यांच्याबरोबर एक नाच करता येई, शिकूनही घेता येई. म्हणजे एकटा येणारा माणूस हा तिथला अपवाद नव्हता. तो येणारच हे धरूनच त्या हॉलनं आपली व्यवस्था लावली होती.

फ्रँकी मॅनिंग हे या नाचातलं मोठं नाव. जन्म १९१४चा. त्यांची आईसुद्धा नाचायची. तिनं लहानपणीच त्यांना सांगून टाकलं होतं की तू फार ताठ आहेस, तुला नाच यायचा नाही. हा मुलगा मग घरी, खोलीत, खुर्ची आणि झाडू यांना जोडीदार करून सराव करू लागला. पुढे आधी एका साध्या हॉलमध्ये, मग त्याहून बऱ्या हॉलमध्ये, आणि शेवटी सॅव्हॉयमध्ये, असं पायरी-पायरीनं ते गेले. १९३५ मध्ये त्यांनी जोडीदारणीला पाठीवरून उलटं फिरवून उतरवण्याची करामत लिंडी हॉपमध्ये आणली. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' या सिनेमात त्यांच्या गटाचा नाच आहे. तो आजही लोक श्वास रोखून बघतात.

पुढे काळ बदलला, मोठे बँड मोडले. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद झाली आणि ती इमारत पाडली गेली. मॅनिंग यांनी पोस्टात नोकरी धरली आणि तिथं सुमारे तीस वर्षं काढली. १९८० च्या दशकात काही तरुण त्यांना शोधत आले आणि म्हणाले, आम्हाला शिकवा. तेव्हा मॅनिंग सत्तरीत होते. त्यानंतर २००९ मध्ये वारेपर्यंत ते देशोदेशी शिकवत फिरले.

ताजमहाल हॉटेल ते आपली मिरवणूक

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं झालं, असं वाटत असेल तर थांबा. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी नावाचे काळे अमेरिकन संगीतकार बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. हे बँड मुंबईत वाजू लागले तसे गोव्याचे वादक त्यांच्या संगतीत तयार झाले. त्यांतलेच एक हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ. ट्रम्पेटवाले. त्यांना सगळे 'चिक चॉकलेट' म्हणूनच ओळखत.

ताजमधला नाच अर्थातच कामगारांसाठी नव्हता. पण हे वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात, आणि तिथून ती लय खाली उतरली. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी ती उचलली. चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करत. १९५१ मध्ये 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्रांचं, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो.

भगवान आबाजी पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. स्वतःही त्यांनी मजुरी केलेली. अंग आडवं, उंची बेताची. नट म्हणून कुणी मनात चित्र काढलं तर असं काढणार नाही. पण त्यांनी नाच एवढा सोपा करून ठेवला, एक हात वर, एक कमरेवर, पाय जागच्या जागी, की तो कुणालाही करता येतो. आजही वरातीत बँड लागला की एक तरी काका भगवानदादांची स्टेप करतातच.

भगवानदादांची स्टेप म्हणजे लिंडी हॉप, असं आम्ही म्हणत नाही. दोन्ही वेगळे आहेत. पण ज्या संगीतावर ती स्टेप जन्मली त्यात सॅव्हॉयच्या घराण्याचं रक्त आहे. स्विंगच्या रात्री तुम्ही पोचलात आणि ट्रम्पेट सुरू झाला, तर ते तुम्हाला अगदीच परकं वाटणार नाही. याचं श्रेय गोवेकर वादकांचं, पुणतांब्याच्या संगीतकाराचं आणि गिरणी कामगाराच्या मुलाचं.

नाच चालतो कसा

आता प्रत्यक्ष नाचाकडे येऊ. घाबरायचं कारण नाही, मोजता येतं तेवढं पुरे.

स्विंगच्या संगीतात चार-चारचे ठोके असतात. पण एका ठोक्याचे दोन सारखे भाग होत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. टांग्याच्या घोड्याची टाप आठवा, तशी ती चाल झुलते. म्हणूनच 'स्विंग', म्हणजे झुलणं.

नवख्याला पहिल्यांदा शिकवतात ती बहुधा सहा ठोक्यांची पायरी. पहिल्या दोन ठोक्यांत एक पाय मागे, मग जागेवर. पुढच्या दोन ठोक्यांत तीन छोटी पावलं. त्याच्या पुढच्या दोन ठोक्यांत दुसऱ्या बाजूला तीन छोटी पावलं. संपलं. दोन ठोक्यांत तीन पावलं कशी बसवायची, इथं लोक अडखळतात.

टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्यांनी जरा इकडे कान द्या. टेरी टॉवेलचा फास कसा पडतो? धोट्याच्या पहिल्या दोन फेऱ्या कापडापासून थोड्या अलीकडेच थांबवतात. तिसऱ्या फेरीला फणी पूर्ण पुढे येते, तिन्ही धागे एकदम रेटते आणि फास उभा राहतो. दोन अलीकडे, तिसरा पूर्ण. या तीन पावलांचंही तसंच आहे. पहिली दोन हलकी, आखडलेली, तिसऱ्यावर अंगाचा पूर्ण भार. माग आणि नाच एक नव्हेत, पण मोजण्याचा कान तुमच्याकडे तयार आहे. मागाचा आवाज जरा बदलला की न बघता तुम्हाला कळतं, धागा तुटला. तोच कान घेऊन जायचं.

मग जोडी. एक जण पुढाकार घेतो, दुसरा साथ देतो. पूर्वी पुढाकार पुरुषाचा आणि साथ बाईची असं धरून चालत. आज बऱ्याच ठिकाणी कुणीही काहीही निवडू शकतं. पुढाकार म्हणजे ओढाओढ नव्हे. आपण कुठं चाललोय हे हातातून कळवायचं, बस. आणि साथ म्हणजे फरफटत जाणंही नव्हे. कळलेल्या दिशेनं आपल्या वजनावर, आपल्या पायांनी जायचं असतं.

आणि शेवटची, सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट, वेळ. जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्या काळातली बहुतेक गाणी तेवढीच आहेत. म्हणजे कितीही फजिती झाली तरी ती तीन मिनिटांत संपते. मग 'थँक यू' म्हणायचं आणि जोडीदार बदलायचा. एकाबरोबर एक किंवा दोन गाणी, मग दुसरा, ही तिथली सर्वसाधारण रीत आहे. म्हणून जोडीनं येणारेही आत गेल्यावर सुटे होतात. एकट्यानं आलेला आणि जोडीनं आलेला यांच्यात पहिल्या अर्ध्या तासानंतर फरक उरत नाही.

पहिल्या रात्रीचा क्रम

पहिलं, लवकर जा. आपल्याकडे कार्यक्रमाला उशिरा जाण्यात मोठेपणा मानतात, इथं उलटं आहे. बहुतेक ठिकाणी मुख्य नाचाआधी नवख्यांचा छोटा वर्ग असतो. तेच लेझमीच्या सरावाचं दार. वर्गात सगळे गोलात उभे राहतात, शिक्षक दर काही मिनिटांनी जोड्या बदलतो. अर्ध्या-पाऊण तासात आठ-दहा जणांशी तुमची ओळख झालेली असते, तीही स्वतःहून तोंड न उघडता. वर्ग चुकवून थेट नाचाच्या वेळी पोचलात, तर हे सगळं स्वतःला करावं लागतं.

दुसरं, चपला-बूट. तळ फार चिकट नको, पाय वळताना गुडघ्यावर ताण येतो. अगदी गुळगुळीतही नको, घसराल. कपडे सुती, हात मोकळे राहतील असे.

तिसरं, घाम. स्विंगमध्ये घाम येतोच. जाणते लोक एक जादा शर्ट आणि छोटा टॉवेल बरोबर नेतात. टॉवेलचं तुम्हाला आम्ही काय सांगणार! इथल्या मागावरचा एक नॅपकीन पिशवीत टाका. दोन गाण्यांच्या मधे हात आणि मान पुसणं हा तिथं शिष्टाचारच समजला जातो.

चौथं, विचारायचं कसं? जवळ जायचं, डोळ्यांत बघायचं, 'नाचूया का?' म्हणायचं. पुढे हवं तर 'माझी पहिलीच वेळ आहे' एवढं जोडायचं. लांबलचक प्रस्तावना नको, आपल्याला काय काय येत नाही याची यादीही नको. बाईनं पुरुषाला विचारणं तिथं तितकंच चालतं.

पाचवं, जमिनीवर शिकवायचं नाही. तुम्ही शिकवू नका आणि कुणी न विचारता शिकवायला लागला, तर हसून 'आज नुसतं नाचू या' म्हणा. उड्या आणि उलटं फिरवणं हे खेळ गर्दीत करत नाहीत. कुणाला धक्का लागला तर थांबून माफी मागायची.

सहावं, बसायला लाजू नका. भिंतीशी बसून दोन गाणी बघणं म्हणजे हरणं नव्हे. नाच डोळ्यांनीही शिकला जातो.

आणि सातवं, बऱ्याच ठिकाणी रात्रीतून एकदा 'शिम शॅम' होतो. ठरलेल्या पायऱ्या, सगळे रांगांत, जोडीदार नाही. बघितल्याबरोबर तुम्हाला आपली लेझीम आठवेल. मागच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याचे पाय बघत चालवून घ्यायचं. एकट्या माणसासाठी तिथलं सगळ्यात रुंद दार तेच.

'नाही' या शब्दाबद्दल

एकट्यानं जाण्यातली खरी भीती पायांची नसते. विचारलं आणि समोरचा 'नाही' म्हणाला तर, ही असते. तेव्हा यावर नीट बोलू.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'बघू', 'येतो नंतर', 'आज जरा...' असं म्हणतात. म्हणून सरळ 'नाही' ऐकलं की तो आपल्याला अपमान वाटतो. तिथं 'नको, थँक यू' हे पूर्ण उत्तर मानतात. पाय दुखत असतील, दम लागला असेल, हे गाणं फार वेगाचं असेल, किंवा नुसतंच मन नसेल. कारण सांगायचं बंधन नाही आणि विचारायचंही नाही. तुम्ही 'बरं' म्हणायचं आणि पुढे जायचं. तो नकार एका गाण्याला असतो. त्यावरून आपली किंमत काढायला बसू नये.

हाच नियम उलटही लागू होतो, आणि बायकांसाठी तर तोच महत्त्वाचा. तुम्हालाही 'नाही' म्हणता येतं. सुरुवातीला म्हणता येतं, आणि गाणं अर्ध्यावर असताना हात सोडूनही म्हणता येतं. कुणी जवळीक करत असेल, हात नको तिथं ठेवत असेल, तर तीन मिनिटं सोसायची काही गरज नाही. चांगल्या गटांचे आता लेखी नियम असतात आणि तक्रार कुणाकडे करायची तेही सांगितलेलं असतं. जाण्याआधी ते विचारून घ्या. जिथं हा प्रश्न विचारल्यावर लोक हसतात, तिथं जाऊ नका. दार बाहेरून उघडतं खरं, पण कडी आतून आपल्या हातात असायला हवी.

चिठ्ठ्यांवरचे प्रश्न

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. नावं नाहीत, तेच बरं.

'घरी काय सांगायचं?' खरं ते सांगायचं. कुठं जातोय, किती वाजता परत येणार. लपवून गेलं की निम्मा आनंद तिथंच संपतो. 'नाच' म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर डान्स बार येत असेल, तर पहिल्या खेपेला तिथलं एखादं चित्रीकरण दाखवा. उजेडातला हॉल, घाम पुसणारी, हसणारी माणसं. दारू पिणं या नाचात गरजेचं नाही. उलट मोजणी चुकते.

'लग्न झालेल्यानं परक्याचा हात धरायचा का?' चिठ्ठी प्रामाणिक आहे. उत्तर तुमच्या घरात ठरेल, आमच्याकडे नाही. एवढं सांगतो की या नाचात दोघांमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं आणि हातातला हात हे काम असतं, जवळीक नसते. तरी मनाला पटत नसेल तर आपल्याच जोडीदाराबरोबर नाचा, किंवा नुसता शिम शॅम करा. कुणी काही म्हणणार नाही. मात्र बोलणं आधी व्हावं, नंतर नको.

'मुलगी एकटी पुण्यात राहते, तिनं रात्री जावं का?' ही चिठ्ठी बहुधा एका आईची आहे. ताई, काळजी रास्त आहे. पहिली खेप लवकर संपणाऱ्या, माहितीतल्या भागातल्या कार्यक्रमाची असू द्या. परत यायचं वाहन जाण्याआधी ठरलेलं असावं. नव्यानं ओळख झालेल्या माणसाच्या गाडीवरून परत येऊ नये. खोलीवरच्या मैत्रिणीला वेळ सांगून ठेवावी. एवढं करून ती गेली, तर तिला परत आल्यावर 'कुणाबरोबर गेली होतीस' हे विचारू नका. 'कसं झालं' हे विचारा.

शेवटची. 'वय ४८, पोट सुटलंय. आता काय उपयोग?' काका, भगवानदादांचं अंग आठवा आणि मॅनिंग यांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली ते वय आठवा. गुडघे आणि हृदय यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, संथ गाणी निवडा. आणि तोवर घरी, खुर्चीची पाठ धरून, एक पाय मागे, जागेवर, मग तीन पावलं, तीन पावलं. पहिल्या रात्री अवघड वाटतं ते पाऊल उंबऱ्याबाहेरचं. ते एकट्यानंच टाकायचं असतं. पुढची पावलं मोजायला तिथं माणसं भेटतात.

वेळ झाली, रात्रपाळीवाल्यांना निघायचं आहे.